तयार चोल्याचा डबा

दिवाळीच्या महिनाभर आधीपासून माझा फोन वाजायला लागतो. बैठकीला पीच बरा दिसेल की आयव्हरी, हे विचारायला. मी रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते हे कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं असतं, आणि केमिस्ट म्हणजे पडद्यांना शोभेल असा रंग सुचवणारी बाई, अशी लोकांची समजूत असते. मी विचारते, भिंतीला ओल आहे का, खाली चुना आहे की डिस्टेंपर, खरवडून घेणार आहात की नाही. मग पलीकडून उत्तर येतं, "वो सब पेंटर देख लेगा." पेंटर काय बघणार, डोंबल! पुढच्या पावसाळ्यात पोपडे निघाले की हेच लोक कंपनीच्या नावाने खडे फोडतात.

रंग कुठला, हा प्रश्न मला नोकरीत कधी पडलाच नाही. लावलेला रंग टिकतो का आणि सुटतो का, एवढंच मी बघत आले. ते ऐकायला कुणाला वेळ नसतो. संपादकांनी पानं दिलीच आहेत, तर आज सांगून टाकते.

आमचा कारखाना उज्जैनच्या बाहेर, गव्हाच्या शेतांना लागून होता. दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट, भिंतींचा डिस्टेंपर आणि लोखंडाला लावायचा शेंदरी प्रायमर, एवढाच आमचा माल. माझी लॅब म्हणजे एक खोली, एक काटा आणि खिडकीला टांगलेल्या पत्र्याच्या पट्ट्या. प्रत्येक घाण्यातला रंग पट्टीवर फासायचा, टांगायचा आणि मधूनमधून बोट लावून बघायचा. बोट चिकटलं तर ओला. ठसा उमटला तर अर्धाकच्चा. बोट कोरडं परत आलं तर वाळला. यंत्र वगैरे काही नव्हतं, माझं उजव्या हाताचं बोट हेच यंत्र.

मालक म्हणजे सेठजी. पांढरी सफारी, कपाळावर टिळा. रोज सकाळी लॅबच्या दारातून मान आत घालायची आणि विचारायचं, "मॅडमजी, सूखा क्या?" हो म्हटलं की डबे भरायला सुरुवात. इतक्या वर्षांत त्यांनी रसायनशास्त्राबद्दल मला दुसरा प्रश्न विचारला नाही. त्यांना वाटायचं, दोरीवरचं धोतर वाळतं तसाच रंग वाळतो.

तसा तो वाळत नाही. धोतरातलं पाणी उडून जातं. ऑइल पेंटमधलं तेल कुठेच जात नाही, ते तिथेच राहून बदलतं. माझ्या शाळेतल्या मुलींना मी पुढे हे हातांवरून शिकवायचे. प्रत्येक अणूला ठरावीक हात असतात. कार्बनला चार, हायड्रोजनला एक. जवसाच्या तेलात काही ठिकाणी शेजारशेजारच्या दोन कार्बननी एकमेकांना दोन-दोन हातांनी धरलेलं असतं. हवेतला ऑक्सिजन आला की त्यातला एकेक हात सुटतो आणि शेजारच्या तेलाच्या साखळीला धरतो. ती पुढचीला धरते. असं होत होत सगळ्या तेलाचं जाळं विणलं जातं, आणि वाहणारी वस्तू कडक होऊन बसते. पॅराफिन तेलात मात्र प्रत्येक हात आधीच गुंतलेला असतो. मोकळा व्हायला हात नाही, धरायला कुणी नाही. ते आज पातळ, उद्या पातळ आणि नातवंडांच्या लग्नातही पातळच.

मग देशात नवं आर्थिक धोरण आलं. ज्या बड्या कंपन्यांची नावं आम्ही फक्त कॅलेंडरवर वाचली होती, त्यांचे एजंट फ्रीगंज बाजारात दुकानादुकानांतून फिरायला लागले. आमचे डीलर आमच्या डब्यांवर त्यांचे डबे रचू लागले. चांगला माल करून टक्कर देता आली असती. मी सेठजींना सांगितलंही, जवसाचं तेल नीट शिजवून घेऊ, चुना-खडूची भर कमी करू. ते म्हणाले, "मॅडमजी, अब क्वालिटी का नहीं, आइडिया का ज़माना है." इंदूरला कुठल्याशा हॉटेलात भाषण ऐकून आले होते. तिथे दुपारच्या जेवणाबरोबर ही अक्कल वाढली होती म्हणे.

आयडिया त्यांना आमच्याच गोदामात सापडली. प्रायमरसाठी आणलेल्या लाल शिशाच्या गोण्यांपुढे उभे राहून त्यांनी विचारलं, हनुमानजींना हेच चढवतात ना? हेच. देवाचा शेंदूर आणि लोखंडी पुलाचा प्रायमर, दोन्हीत रंग एकाच लाल शिशाचा. आमच्या माळव्यात मारुतीला शेंदराचा चोला चढवतात. तेलात कालवलेला शेंदूर मूर्तीवर लिंपायचा, त्यावर चांदीचा वर्ख लावायचा, चांदीचे डोळे बसवायचे. थरावर थर चढत जातात. शिसं तेलातल्या आम्लांना घट्ट धरून बसतं आणि तेलाचं वाळणंही लवकर करवतं, म्हणून तो लेप दगडासारखा होतो. पिढी-दोन पिढ्यांनी कधीतरी सगळं कवच आपोआप सुटून येतं. देवाने चोला सोडला म्हणतात, आणि ते कवच वाजतगाजत क्षिप्रा नदीत सोडायला नेतात.

सेठजींनी ठरवलं, तयार चोला डब्यात भरून विकायचा. झाकण उघडा, देवाला लावा. कालवायची कटकट नाही. डब्यावर उडणारा मारुती, त्याच्या हातात पर्वत. इथपर्यंत मीही गप्प राहिले असते. पण लाल शिसं महाग, जवसाचं तेलही महाग. तेव्हा शिशाच्या जागी खडूची भुकटी आणि नारिंगी रंग, तेलाच्या जागी पॅराफिन, वर चमेलीचा वास. मी समजावून सांगितलं. खडूचा कण स्वतःपुरता घट्ट असतो, पण त्याला ना तेलाशी देणंघेणं ना दगडाशी. पॅराफिन तर कुणालाच धरत नाही. हे वाळणार नाही, मूर्तीवरून घसरेल. सेठजी हसले. "भगवान को कौन सा बारिश में खड़ा रहना है?"

मी पट्टीवर फासून टांगला. दर सोमवारी बोट लावायची, दर सोमवारी बोट नारिंगी. सेठजींनी त्या महिन्यात दारातून मान घालणंच बंद केलं.

पहिला डबा त्यांनी देवास गेटजवळच्या आमच्या मारुतीला अर्पण केला. आमच्या म्हणजे, जुन्या काळी दरबारच्या चाकरीसाठी इकडे आलेल्या मराठी घरांनी बांधलेलं ते लहानसं देऊळ. पूजा वामनगुरुजींकडे, त्यांच्याआधी त्यांच्या वडिलांकडे. गुरुजी आणि त्यांची बायको देवळामागच्या एका खोलीत राहायचे. सेठजींनी गाभाऱ्याला संगमरवर लावून दिला आणि त्या बळावर ते कमिटीचे अध्यक्ष झाले. ज्यांच्या आज्यांनी दागिने मोडून देऊळ बांधलं ते मराठी लोक सतरंजीवर मागे बसायला लागले. आम्हा लोकांना कुणी पुढे बसा म्हटलं नाही तर आम्ही मागे बसतो, आणि घरी जाऊन कुरकुरतो.

मी शनिवारी दर्शनाला गेले तेव्हा गुरुजींना बाजूला घेऊन डब्यात काय आहे ते सांगितलं. त्यांची स्वतःची रीत पक्की होती. शेंदूर, तिळाचं तेल आणि त्यात जवसाची धार. हे जवस का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. वडील घालायचे म्हणून ते घालायचे. शेंदूर विष आहे, लावून झाल्यावर हात चोळून धुवा, हेही मीच त्यांच्या मागे लागून करायला लावलं होतं. त्या दिवशी ते डब्याकडे बघत म्हणाले, "ताई, तुमचं बोलणं सही आहे. पण नाही कसं म्हणू? खोली त्यांच्याच हातात आहे ना." मला त्यांचा राग आला आणि लगेच स्वतःचाही आला. माझा पगारही त्यांच्याच हातात होता. माझे हे कामाला होते ती कापड मिल बंद पडून वर्ष झालं होतं आणि घर माझ्या त्या एका बोटावर चाललं होतं.

हनुमान जयंतीला चैत्राचं ऊन. छोटा गाभारा, समोर दिव्यांच्या रांगा, दारात माणसांची गर्दी. आरती निम्म्यावर आली आणि मूर्तीच्या कपाळावरचा लेप हलला. आधी मला भास वाटला. मग वर्खाला सुरकुत्या पडल्या, गालावरून नारिंगी ओघळ निघाला आणि चांदीचे दोन्ही डोळे सावकाश खाली सरकत पोटावर येऊन थांबले. टाळ बंद पडले. एक म्हातारी मोठ्याने रडायला लागली. मारुतीने आपल्याकडे बघायचं सोडलं, असं तिला वाटलं असणार.

सेठजी सगळ्यात पुढे होते. धंदेवाईक माणसाला सावरायला एक क्षण पुरतो. ते गुरुजींकडे वळून भरल्या देवळात म्हणाले, "पंडितजी, क्या मिलाया आपने इसमें?"

संध्याकाळपर्यंत गावात दोन गोष्टी पसरल्या. एक, गुरुजींनी डब्यातला माल विकून खाल्ला आणि देवाला भेसळ लावली. दुसरी, गुरुजी सोवळ्यात नव्हते. सेठजींनी त्याच दिवशी त्याच मालाचा दुसरा डबा उघडून, स्वतः समोर उभं राहून मूर्ती पुन्हा लिंपवून घेतली, डब्यात दोष नाही हे दाखवायला. येत्या रविवारी सकाळी कमिटीची सभा. विषय एकच, पुजारी बदलणे. पुजारी बदलला की खोलीही जाणार, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. गुरुजींची बायको दुसऱ्या दिवसापासून भांडी पोत्यात भरायला लागली. मी गेले तेव्हा तिने मला चहासुद्धा स्टीलच्या डब्याच्या झाकणात दिला, कप बांधून झाले होते.

शनिवारी सेठजींनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. एरवी मी उभीच असायची. सभेला यायचं, कमिटीला सांगायचं की माल लॅबमध्ये पास झालेला आहे आणि पंडितजींनी त्यात तूप मिसळलं. "आप केमिस्ट हैं, आपकी बात कौन काटेगा?" मी म्हटलं, पास झालेला नाही, माझी पट्टी अजून ओली आहे. ते म्हणाले, "पट्टी फेंक दीजिए." मग माझ्या ह्यांच्या तब्येतीची आणि मुलाच्या फीची चौकशी केली. एवढी माया त्यांनी आधी कधी दाखवली नव्हती.

रात्री मी ह्यांना सगळं सांगितलं. ते मिलमध्ये युनियनच्या कामात होते, खोटं बोल असं काही म्हणणार नव्हते. पण नको बोलू असंही म्हणेनात. शेवटी एवढंच म्हणाले, "तुझ्या मनाला जे पटेल ते." संसारात अशी मोकळीक फार जड असते. मला झोप लागली नाही.

सकाळी बघते तर कारखान्याच्या लॅबला कुलूप. पट्टी आत. सेठजी अगदीच मूर्ख नव्हते. देवळात गेले तर तिथेही माझं यंत्र निकामी. मारुतीच्या मूर्तीला बाईने हात लावायचा नाही, हा नियम मी कधी मोडला नव्हता आणि त्या दिवशी मोडला असता तर गुरुजींच्या सोवळ्याचा प्रश्न बाजूला राहून माझ्याच सोवळ्यावर सभा झाली असती. सेठजींना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी मला निश्चिंतपणे बोलावलं होतं.

सभा मंडपात सुरू झाली. आमच्याकडची पद्धत अशी की देवळात आलेला प्रत्येक जण मूर्तीच्या पायाजवळचा ओला शेंदूर बोटाने घेऊन कपाळाला लावतो. बायकांना पुजारी काढून देतो. सगळ्यांनी लावला, सेठजींनी चांगला ठसठशीत लावला. मग भाषणं. परंपरा, पावित्र्य, आजकालचे पुजारी. एका निवृत्त तहसीलदारांनी तर मूर्तीचे डोळे खाली येण्याचा देशाच्या कर्जाशी संबंध जोडला. पत्र्याचं छप्पर तापत होतं. गुरुजी खांबाला टेकून बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

तासाभराने सेठजींनी माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. समोर कमिटीचे सगळे चेहरे एका ओळीत होते, आणि ते बघता बघता मला माझ्या खिडकीतल्या पट्ट्याच दिसायला लागल्या. सगळ्यांचे टिळे खाली आले होते. कुणाचा भुवईत उतरला होता, कुणाचा नाकाच्या दांड्यावर. तहसीलदारांचा चष्म्याच्या काचेवर. सेठजींचा नाकाच्या शेंड्याशी येऊन थेंब धरून बसला होता आणि सफारीच्या खिशावर दोन नारिंगी डाग पडले होते. गुरुजींच्या कपाळावर मात्र पहाटे घरच्या देवासमोर त्यांच्या वाटीतला लावलेला टिळा होता. जिथे लावला तिथेच होता.

मी म्हणाले, "आप सब अपने माथे पर हाथ लगाइए. फिर पंडितजी के माथे को देखिए. माल डब्बे का है, आपमें से किसी ने उसमें घी नहीं मिलाया."

प्रत्येकाने हात लावला. प्रत्येकाने आधी स्वतःचं बोट बघितलं, मग शेजाऱ्याचं नाक. मागच्या सतरंजीवर कुणीतरी फस्सकन हसलं आणि मग ते हसू आवरेना. माझी मराठी मंडळी पहिल्यांदाच मोठ्याने काही बोलली, म्हणजे हसली. सेठजींनी रुमालाने नाक पुसलं, तर ते सगळ्या गालभर पसरलं.

गुरुजी राहिले, खोली राहिली. पण कमिटीला काहीतरी करून दाखवल्याशिवाय उठता येत नाही. शुद्धीकरण करायचं ठरलं. मी सांगितलं, नवा थर चढवण्याआधी हा चिकट थर पूर्ण काढा, नाहीतर वरचं काही धरणार नाही. रॉकेल चालत नसेल तर रिठ्याचं पाणी वापरा, ते झाडाचं फळ आहे. रिठ्याने बायका केस धुतात, ते देवाला कसं चालेल, असं तहसीलदार म्हणाले. ठरलं ते असं की क्षिप्रेच्या पाण्याचे कलश आणायचे, मंत्र म्हणून मूर्तीला स्नान घालायचं आणि स्वच्छ वस्त्राने पुसायचं. पॅराफिनवर पाणी! पाण्याचे कण एकमेकांना धरून राहतात, तेलाला जवळ करत नाहीत. कलशामागून कलश ओतले, पाणी मोत्यांसारखं ओघळून गेलं आणि खाचाखोचांतला सेठजींचा माल जागच्या जागी राहिला. गुरुजींनी त्यावरच आपला शेंदूर चढवला. ते तरी काय करणार.

सोमवारी मी कारखान्यावर गेले तर गेटवरच माझा डबा आणि छत्री ठेवलेली. लॅबची आता गरज नाही, असा निरोप. घरी परतले तेव्हा ह्यांनी छत्री हातातून घेतली आणि म्हणाले, "बरं झालं, उन्हातान्हाचं जाणं वाचलं." त्या दिवशी मी पोटभर रडले. मग एका खाजगी शाळेत रसायन शिकवायला लागले. पुस्तकात दोन अक्षरांमध्ये एक आडवी रेघ म्हणजे बंध. मुली रेघ घोकतात, पैकीच्या पैकी गुण घेतात आणि कढईतलं तेल सांडलं की नुसत्या पाण्याने फरशी पुसतात.

तयार चोला त्या एका उन्हाळ्यात बुडाला. पुढे सेठजींनी कारखान्याची जागा विकली आणि ज्या बड्या कंपनीच्या नावाने ते बोटं मोडायचे तिचीच डीलरशिप फ्रीगंजमध्ये घेतली. बटण दाबलं की रंग मिसळून देणारं यंत्र आणलं. देवळाचे अध्यक्ष तेच राहिले. संगमरवर सुटत नाही तोवर तेही सुटणार नाहीत.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी गुरुजींनी बोलावणं पाठवलं. मारुतीने चोला सोडला होता. गेले तर मंडपात ढोल, हार, फोटोग्राफर. सेठजी मुलाखत देत होते की हा चमत्कार आहे आणि त्यांच्या सेवेचं फळ आहे. कवच पाटावर ठेवलं होतं. पण देवाने सगळा चोला सोडला नव्हता. गुरुजींच्या वडिलांच्या हातचे जुने थर मूर्तीवर तसेच कडक होते. सुटला होता फक्त वरचा भाग, आणि तो नेमका कुठून सुटला हे मला पाटापर्यंत जायच्या आधीच कळलं.

गुरुजी आता वाकले होते. त्यांनी कवच उलटं करून माझ्यासमोर धरलं. "ताई, आता हा देव नाही, नुसता पापुद्रा आहे. लावा बोट."

आतली बाजू नारिंगी होती, चकचकीत. मी बोट लावलं. बोट भरून आलं. चमेलीचा वासही थोडा उरला होता. इतकी वर्षं गुरुजींच्या चांगल्या शेंदराखाली तो माल कुणाला न धरता तसाच बसून होता.

मी बोट तसंच वर धरून सेठजींच्या पुढे गेले. त्यांना वाटलं, मी प्रसादाचा टिळा लावायला आले आहे. फोटोग्राफर समोर होताच. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि मान खाली केली.

मी टिळा लावला आणि म्हणाले, "सेठजी, अभी तक नहीं सूखा."